तोट्याची वाटणी

लोकप्रिय खेळाडू संघ सोडून गेला की पहिली चर्चा मालकाच्या नुकसानीची होते. संघाची किंमत किती उतरली, किती तिकिटे पडून राहिली, प्रायोजक टिकतील की जातील, याचे हिशेब मांडले जातात. माझ्या मते ही चर्चा चुकीच्या टोकाकडून सुरू होते. आजच्या व्यावसायिक खेळात मालकाचे नुकसान बरेचसे आधीच भरून ठेवलेले असते. उघड्यावर पडतो तो मैदानाभोवतीचा व्यवहार, मैदानासाठी लोकांनी भरलेला कर आणि ज्या तालमीत किंवा क्लबात तो खेळाडू घडला ती जागा. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या माणसाला अमेरिकेतल्या बास्केटबॉलचे हिशेब कशाला हवेत, असा प्रश्न कुणाला पडेल. आपला भाग मुळातच खेळाडू गमावणारा आहे आणि शहराच्या नावाचा एक संघही आपण गमावला आहे, म्हणून हा हिशेब आपण इतरांपेक्षा बारकाईने वाचायला हवा.

सगळ्यांत बोलके उदाहरण अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहराचे आहे, कारण तिथे एकच खेळाडू दोनदा गेला. लेब्रॉन जेम्स हा क्लीव्हलंडशेजारच्या ॲक्रनचा मुलगा. २००३ मध्ये क्लीव्हलंड कॅव्हेलिअर्स या तिथल्या बास्केटबॉल संघाने त्याला घेतले, तेव्हा हा संघ आदल्या हंगामात ८२ पैकी अवघे १७ सामने जिंकलेला होता आणि एका सामन्याला सरासरी साडेअकरा हजारांच्या आसपास प्रेक्षक येत होते. लेब्रॉनच्या पहिल्याच हंगामात ही सरासरी अठरा हजारांवर गेली. सात हंगामांनंतर, ८ जुलै २०१० रोजी, टीव्हीवरच्या खास कार्यक्रमात त्याने आपण मायामीला जात असल्याचे जाहीर केले. आदल्या हंगामात ६१ सामने जिंकलेला संघ पुढच्या हंगामात १९ सामने जिंकू शकला आणि त्यात एकदा सलग २६ सामने हरला. ‘फोर्ब्स’च्या अंदाजानुसार संघाची किंमत ४७.६ कोटी डॉलरवरून ३५.५ कोटी डॉलरवर आली, म्हणजे एका खेळाडूबरोबर जवळजवळ चौथा हिस्सा गेला. इथपर्यंतची गोष्ट मालकाच्या नुकसानीची आहे आणि ती खरी आहे.

लेब्रॉन २०१४ मध्ये परत आला, २०१६ मध्ये त्याने क्लीव्हलंडला विजेतेपद मिळवून दिले आणि २०१८ मध्ये तो पुन्हा निघून गेला, या वेळी लॉस एंजेलिस लेकर्सकडे. पुढच्या हंगामात संघाने पुन्हा बरोबर १९ सामने जिंकले. शहर तेच, खेळाडू तोच, पडझडही तेवढीच. पण संघाची किंमत या खेपेला जेमतेम काही टक्क्यांनी घसरली आणि सव्वा अब्ज डॉलरच्या वरच राहिली. मधल्या आठ वर्षांत बदलला होता तो उत्पन्नाचा पाया. २०१४ मध्ये एनबीएने, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगने, टीव्ही कंपन्यांशी नऊ वर्षांसाठी २४ अब्ज डॉलरचा करार केला आणि तो २०१६-१७ च्या हंगामापासून लागू झाला. त्यानंतरचा करार अकरा वर्षांचा आहे आणि त्याचा आकडा ७६ अब्जांच्या घरात आहे. हा पैसा तीसही संघांत सारखा वाटला जातो; विजेत्याला जास्त आणि तळाच्याला कमी असे होत नाही. जर्सी, टोप्या यांच्या देशभरातल्या विक्रीचेही मुख्यतः असेच वाटप होते. तेव्हा खेळाडू गेला तरी मालकाच्या घरी येणारा मोठा हप्ता चुकत नाही. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या फाउंड्रीची पुण्याची मोठी ऑर्डर गेली, तरी इतर सगळ्या फाउंड्र्यांच्या कमाईतला समान वाटा तिला दरवर्षी मिळत राहावा, अशी ही सोय आहे. आपल्याकडच्या कुठल्या कारखानदाराला अशी सोय माहीत आहे?

मालकाला आणखी दोन आधार आहेत. एनबीएमध्ये एका खेळाडूला जास्तीत जास्त किती पगार देता येईल यावर मर्यादा आहे, त्यामुळे लेब्रॉनसारखा खेळाडू संघाला मिळवून देतो त्याच्या मानाने कमी पगारावर खेळतो आणि वरची रक्कम संघाकडे राहते. असा खेळाडू गेला की मालकाची मुख्यतः ही वरकड कमाई बुडते. दुसरा आधार नव्या खेळाडूंच्या निवडीचा. जो संघ हरतो त्याला पुढच्या निवडीच्या सोडतीत वरचा क्रमांक मिळण्याची शक्यता जास्त असते. लेब्रॉन पहिल्यांदा गेल्यानंतर क्लीव्हलंडला २०११, २०१३ आणि २०१४ अशी तीनदा पहिली निवड मिळाली. हरणाऱ्याला हात देण्याची ही पद्धत खेळाची चुरस टिकवण्यासाठी आहे आणि त्या अर्थी ती योग्यच आहे. मात्र तिच्यामुळे नुकसान भरून निघते ते संघाचे. संघावर पोट असलेल्या इतर कुणासाठी तिच्यात तरतूद नाही.

डॅलसची घटना ताजी आहे आणि अधिक बोचरी आहे, कारण तिथे खेळाडू आपणहून गेला नव्हता. ज्याने संघाला २०२४ मध्ये अंतिम फेरीत नेले त्या लुका डॉन्चिचला डॅलस मॅव्हरिक्सने फेब्रुवारी २०२५ च्या सुरुवातीला, चाहत्यांच्या ध्यानीमनी नसताना, रातोरात लेकर्सला देऊन टाकले. लोक स्टेडियमबाहेर जमले, सामन्यांत व्यवस्थापकाला काढून टाकण्याच्या घोषणा झाल्या, आणि तरीही थोड्याच आठवड्यांत संघाने पुढच्या हंगामाच्या तिकिटांचे दर सरासरी साडेआठ टक्क्यांहून अधिक वाढवले. मे महिन्यात १.८ टक्के इतकीच शक्यता असताना सोडतीत पहिली निवड डॅलसच्याच वाट्याला आली आणि कूपर फ्लॅग हा नवा तारा मिळाला. नोव्हेंबरमध्ये व्यवस्थापकाची नोकरी गेली. मालकाला बदली तारा मिळाला, व्यवस्थापकाला शिक्षा मिळाली. ज्या कुटुंबांनी डॉन्चिचच्या नावाची जर्सी घेऊन मुलाला घातली होती, त्यांच्या वाट्याला वाढीव दर आला. याच डॅलस संघाने २०१५ मध्ये आपल्या पंजाबच्या सतनाम सिंगला निवडले होते आणि तो एनबीएच्या संघाने निवडलेला पहिला भारतीय खेळाडू ठरला होता, त्यामुळे इथल्या बास्केटबॉलप्रेमींच्या मनात या संघाविषयी थोडी माया होती. ती या व्यवहाराने कमी झाली असेल तर त्यांना दोष देता येणार नाही.

आता स्टेडियमच्या दाराबाहेर येऊ. डॅनियल शोग आणि स्टॅन व्हेगर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी लेब्रॉनच्या जाण्यायेण्याचा परिणाम क्लीव्हलंड आणि मायामीतल्या खाण्यापिण्याच्या धंद्यावर तपासला. स्टेडियमपासून एका मैलाच्या आत, तो त्या शहरात असताना, अशा ठिकाणांची संख्या सुमारे १३ टक्क्यांनी आणि तिथल्या नोकऱ्या २३.५ टक्क्यांनी जास्त असल्याचे त्यांना आढळले. अंतर वाढत गेले तसा परिणाम विरत गेला. म्हणजे एक माणूस गाव सोडतो तेव्हा त्या मैलभरातले वाढपी, आचारी, भांडी घासणारे, पार्किंगची पोरे यांतल्या अनेकांचे काम त्याच्याबरोबर जाते. त्यांच्यासाठी टीव्हीच्या पैशाचा समान वाटा नाही आणि पहिल्या निवडीची सोडतही नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीर आहे. सामन्याच्या दिवशी स्टेडियमजवळ जेवणारे कुटुंब एरवी शहरात दुसरीकडे कुठेतरी जेवलेच असते, तेव्हा शहराचे एकूण उत्पन्न वाढतही नाही आणि घटतही नाही, पैसा फक्त जागा बदलतो. अर्थशास्त्रात हे बऱ्याच अंशी मान्य आहे, आणि स्टेडियमसाठी सरकारी पैसा मागणाऱ्यांचे मोठे दावे त्यामुळेच टिकत नाहीत. मी हा आक्षेप स्वीकारतो, परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. शहराला एकूण फायदा होत नसेल, तर शहराने मालकासाठी पैसा का घालावा, हा प्रश्न आणखी धारदार होतो. क्लीव्हलंडचे हे स्टेडियम १९९४ मध्ये उभे राहिले, आणि त्या संकुलासाठी तिथल्या लोकांनी १९९० मध्ये मतदान करून दारू आणि सिगारेटवर जादा कर लावून घेतला होता. २०१४ च्या मे महिन्यात तो कर पुढे चालू ठेवायलाही त्यांनी मते दिली. मंच लोकांच्या करातून उभा राहिला आणि नटाच्या लोकप्रियतेवर वाढलेली किंमत मालकाच्या खात्यात गेली. खेळाडू जातो तेव्हा हा असमतोल सर्वांना दिसतो. तो तिथे असताना टाळ्यांच्या आवाजात कुणाचे लक्ष जात नाही.

दोष खेळाडूचा नाही, हेही इथेच स्पष्ट केले पाहिजे. २०१० मध्ये क्लीव्हलंडमध्ये लेब्रॉनच्या जर्सी जाळल्या गेल्या आणि खुद्द मालकाने त्याच्यावर तोंडसुख घेणारे पत्र प्रसिद्ध केले. परंतु करार संपल्यावर दुसरीकडे जाण्याचे स्वातंत्र्य खेळाडूंना सहज मिळालेले नाही. ऑस्कर रॉबर्टसन या थोर खेळाडूच्या नावाने १९७० मध्ये दाखल झालेला दावा १९७६ मध्ये मिटला, तेव्हा ती वाट मोकळी झाली. मालक संघ उचलून दुसऱ्या शहरात नेतो तेव्हा त्याला व्यवसाय म्हणायचे आणि कामगार दुसरीकडे कामाला जातो तेव्हा त्याला गद्दारी म्हणायचे, हा न्याय नव्हे. सिॲटलने २००८ मध्ये अख्खा सुपरसॉनिक्स संघ गमावला, तो ओक्लाहोमा सिटीला नेण्यात आला. उलट सॅक्रॅमेंटो किंग्ज सिॲटलला जायच्या बेतात असताना २०१३ मध्ये मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांच्या गटाने तो विकत घेतला आणि तिथेच ठेवला. एकाच्या निर्णयाने शहराचा संघ जातो आणि दुसऱ्याच्या निर्णयाने राहतो. दोन्ही वेळा निर्णय घेणारे शहर नसते.

आपल्याकडे कुस्तीच्या मैदानात याहून वेगळी रचना आहे आणि तिच्याकडे आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही. आनंदवाडीच्या आखाड्यात किंवा तालुक्यातल्या गावांत यात्रेनिमित्त जंगी मैदान भरते, तेव्हा पत्रकावर पहिल्या क्रमांकाच्या कुस्तीचे मल्ल मोठ्या अक्षरांत छापलेले असतात, आणि चंदगड, गडहिंग्लज, खानापूरहून येणाऱ्या शौकिनांपैकी पुष्कळ जण त्या एका जोडीसाठी येतात. नामांकित मल्ल दुखापतीमुळे आला नाही तर त्या दिवशी हळहळ होते, भजी-चहाच्या गाड्यांचा माल उरतो. पण नुकसान एका दिवसाचे असते. मैदान गावाचे, वर्गणी गावाची, कमिटी गावाची. त्यामुळे पुढच्या वर्षी दुसरी जोड लागते आणि हलगी पुन्हा वाजते. कुणी मालक ते मैदान उचलून दुसऱ्या जिल्ह्यात नेऊ शकत नाही. खेळाडूच्या जाण्याने गावाचा खेळ मोडत नाही, कारण त्या खेळाची मालकी गावाकडे आहे.

लीगच्या जमान्यात आपण ही मालकी नकळत सोडून दिली. कर्नाटक प्रीमियर लीगमध्ये बेळगावी पँथर्स हा आपल्या शहराच्या नावाचा संघ होता आणि २०१७ मध्ये त्याने ती स्पर्धा जिंकलीही. २०१९ मध्ये सट्टेबाजी आणि मॅच फिक्सिंगच्या आरोपांवरून संघाच्या मालकाला अटक झाली आणि स्पर्धाच बंद पडली. २०२२ मध्ये महाराजा ट्रॉफी या नावाने नवी स्पर्धा सुरू झाली, तेव्हा तिच्यात बंगळूर, म्हैसूर, हुबळी, मंगळूर, गुलबर्गा आणि शिमोगा असे सहा संघ होते. बेळगावचा नव्हता. शहराच्या नावावर संघ उभा करताना शहराला कुणी विचारले नव्हते आणि तो नाहीसा झाला तेव्हाही विचारले नाही. गैरव्यवहाराच्या बातम्यांत मात्र नाव आपले आले.

भारतातल्या लीगमध्ये लोकप्रिय खेळाडू जाणे हा अपवादही राहिलेला नाही. लिलावाच्या नियमांतच ते बसवलेले आहे. प्रो कबड्डीत बंगळूर बुल्सला विजेतेपद मिळवून देणारा पवन सेहरावत २०२२ च्या लिलावात २ कोटी २६ लाखांना तमिळ थलैवाजकडे गेला. चाहत्याने दर काही वर्षांनी नव्या चेहऱ्यावर प्रेम करायला शिकावे, अशी अपेक्षा या पद्धतीत आहे. याला ठळक अपवाद विराट कोहलीचा. २००८ पासून तो रॉयल चॅलेंजर्स बंगळूरमध्येच आहे, आणि पहिल्या विजेतेपदाची वाट ३ जून २०२५ पर्यंत पाहावी लागूनही हा संघ देशातल्या सर्वांत लोकप्रिय संघांपैकी एक राहिला तो मुख्यतः त्याच्यामुळे. सीमाभागातले मराठी घर या बाबतीत बहुधा दुभंगलेले असते. वडील मुंबईचे आणि मुलगा बंगळूरचा, असे आपल्या गल्लीत सर्रास आढळते, आणि त्या मुलाच्या अंगात अठरा नंबरची जर्सी असते. कोहली खेळायचा थांबेल तेव्हा काय होईल, याचा अंदाज संघाच्या हिशेबनिसांनी नक्कीच बांधला असेल. गर्दीचा भार मात्र कुणाच्या हिशेबात धरलेला नसतो. विजयाच्या दुसऱ्याच दिवशी, ४ जूनला, चिन्नास्वामी स्टेडियमबाहेरच्या चेंगराचेंगरीत ११ माणसे मेली. ताऱ्याच्या लोकप्रियतेतून येणारा नफा खासगी आणि तिचा भार सार्वजनिक, ही वाटणी त्या दिवशी सगळ्यांत क्रूर रूपात समोर आली.

उद्या बेळगावच्या नावाने पुन्हा एखादा संघ येईल, क्रिकेटचा येईल, कबड्डीचा येईल, कदाचित बास्केटबॉलचाही येईल. त्याचे स्वागत व्हावे. मात्र महापालिकेचे किंवा सरकारी मैदान त्याला देताना अटी लेखी असाव्यात. शहराचे नाव वापरायचे असेल तर ठरावीक वर्षे संघ इथेच खेळेल, काही सामने इथे होतील, संघ हलवायचा किंवा विकायचा असेल तर आधी शहराला सांगावे लागेल, आणि बंदोबस्त व स्वच्छतेचा खर्च संघ उचलेल, एवढे तरी मागितले पाहिजे. मैदानाच्या आतबाहेर विक्रीच्या जागा स्थानिक विक्रेत्यांसाठी राखून ठेवाव्यात आणि त्यांचे भाडे गर्दीच्या प्रमाणात कमीजास्त व्हावे. तारा असतानाच्या गर्दीवर ठरवलेले भाडे तारा गेल्यावर ओस पडलेल्या मैदानात वसूल करणे, हा विक्रेत्यावर अन्याय आहे. अशा अटी घातल्या तर कुणी संघ आणणारच नाही, असे म्हटले जाते. ज्या मालकाला एवढ्या साध्या अटी नकोशा वाटतात, तो पहिल्या संकटात गाशा गुंडाळणार हे उघड आहे, आणि तो अनुभव आपल्याला आलेला आहे.

दुसरी गोष्ट त्याहून मूलभूत आहे. सीमाभागाचे मोठे नुकसान खेळाडू प्रसिद्ध होण्याच्या आधीच होते. बेळगावचा वेगवान गोलंदाज रोनित मोरे कर्नाटकाच्या रणजी संघापर्यंत पोहोचला. तालमीतली पोरे कोल्हापूरला जातात, इतर खेळांतली बंगळूर, पुणे, मुंबईला. त्यांनी जावेच, कारण संधी तिथे आहे. पण पहाटे पाच वाजता ज्या वस्तादाने त्यांना माती अंगाला लावायला शिकवले, ज्या शाळेच्या शिक्षकाने स्वतःच्या पैशाने चेंडू आणले, त्यांच्या वाट्याला त्या पुढच्या कमाईतले काहीच येत नाही. फुटबॉलमध्ये फिफा या जागतिक संघटनेने यावर उपाय केलेला आहे. खेळाडू एका देशाच्या क्लबकडून दुसऱ्या देशाच्या क्लबकडे रक्कम मोजून गेला, की त्या रकमेचे ५ टक्के वयाच्या बाराव्यापासून तेविसाव्या वर्षापर्यंत त्याला घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. एखाद्या खेड्यातल्या क्लबला अशा एका वाट्यातून अनेक वर्षांचा खर्च भागवता येतो.

आपल्या लीगमध्ये हे जसेच्या तसे बसणार नाही, कारण लिलावातली रक्कम हा खेळाडूचा पगार आहे आणि त्याच्या घामातून कपात करणे योग्य नव्हे. वाटा काढायचा तो लीगच्या सामायिक उत्पन्नातून. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या प्रसारणहक्कांची किंमत ४८,३९० कोटी रुपये आहे. तिचा अर्धा टक्का म्हणजे पाच वर्षांत सुमारे २४२ कोटी, वर्षाला ४८ कोटींच्या आसपास. देशाच्या क्रिकेट व्यवस्थेला ही रक्कम जाणवणारही नाही, पण बेळगावच्या एखाद्या लहान क्लबला त्यातले दोन-चार लाख रुपये मिळाले तर नेट, मॅट, प्रशिक्षकाचे मानधन आणि बाहेरगावच्या स्पर्धांचा प्रवास एवढे निश्चित सुटेल. कबड्डीच्या आणि इतर लीगलाही हाच नियम लावता येईल, अर्थात त्यांच्या उत्पन्नाच्या मानाने.

खेळाडूला खरोखर कुणी घडवले हे कसे ठरवणार, ही अडचण दाखवली जाईल आणि ती खोटी नाही. यश आले की श्रेय घ्यायला दहा संस्था उभ्या राहतात. त्यासाठी कागद आधीपासून तयार लागतो. खेळाडू बारा वर्षांचा झाल्यापासून तो कोणत्या शाळेत, कोणत्या क्लबात किंवा तालमीत सराव करतो, याची दरवर्षी एक नोंद व्हावी आणि तिच्यावर पालक, शाळा व जिल्हा संघटना या तिघांच्या सह्या असाव्यात. आज आपल्याकडच्या बहुतेक क्लबांत अशा नोंदी एखाद्या जुन्या वहीत असतात किंवा नसतातच. लीगने वाटा मान्य करायला वर्षे लागतील, सरकारला पटवायला कदाचित त्याहून जास्त लागतील, पण वही नीट ठेवायला कुणाची मान्यता लागत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडीतल्या क्लबांनी व तालमींनी यंदाच्या आंतरशालेय स्पर्धांपासूनच ती सुरू करावी.